‘मिस्त्रीचं डोकं कॉम्प्युटरात मावत नाही’ म्हणणाऱ्यांना

गेल्या पंधरवड्यापासून जळगावच्या उद्योजकांच्या ग्रुपांवर, कारागिरांचं ज्ञान कॉम्प्युटरवर नोंदवून ठेवण्याविरुद्ध, एक मेसेज फिरतोय: ‘मिस्त्रीचं डोकं कॉम्प्युटरात मावत नाही. लहान डाळमिलला टॅली आणि व्हॉट्सॲप पुरे. लिहून ठेवलं की फुटलं.’ मला यातलं बहुतेक पटत नाही.

हातातलं सगळं ज्ञान शब्दांत येत नाही, हे खरंच. तत्त्वज्ञ मायकल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये हेच मांडलं. पण म्हणून काहीच उतरवायचं नाही? मी ज्या मिलमध्ये हिशेब बघतो, तिथले मिस्त्री तूर दाताखाली धरायचे. कट्‌ वाजली तर पुढे, दबली तर परत उन्हात. ‘दाणा बोलस, भाऊ,’ म्हणायचे. ते गावी परतले आणि पहिल्याच पावसाळ्यात डाळ कमी, चुनी (तुकडा नि चुरा) जास्त पडू लागली. दमट हवेत तेल लावलेली तूर किती वेळ मुरवायची, सालं काढणारा रोल किती ढिला ठेवायचा, कोणालाच सांगता येईना. शेवटी त्यांच्या ओट्यावर बसून मी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं, अहिराणीतच. दातांची पारख त्यात आली नाही. पण ओलीचा आकडा, तेल, मुरवणीचे तास आणि पडलेली चुनी आता प्रत्येक लॉटनंबरसमोर असते. ओली तूर आली की नवा पोरगा तसेच जुने लॉट शोधून काढतो.

टॅली माल कितीला आला, कितीला गेला ते सांगते. डाळ का तुटली, ते तिच्यात कोणी भरतच नाही. व्हॉट्सॲपवर मागच्या श्रावणातलं बोलणं शोधून बघा.

आता फुटण्याचं. न लिहिलेलंही फुटतं: मिस्त्री जास्त पगारावर शेजारच्या मिलमध्ये गेला की झालं. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, भिस्त करारावर. वाद झालाच, तर नक्की काय गुपित होतं आणि ते कसं जपलं, हे दाखवावं लागतं. कोणी कोणती फाईल कधी उघडली याची नोंद तिथे कामाला येते.

मेसेजमध्ये नसलेला प्रश्न मला जास्त छळतो. मिस्त्रीने का सांगावं? १९९० च्या दशकात झेरॉक्स कंपनीने फ्रान्समध्ये ‘युरेका’ नावाची कॉम्प्युटरवरची नोंदवही सुरू केली. मशीन दुरुस्त करणारे कारागीर आपल्या युक्त्या त्यात टाकत, जाणकार त्या तपासत आणि युक्तीसोबत सांगणाऱ्याचं नाव राही. आमच्या नोंदींवरही मिस्त्रींचं नाव आहे. मागच्या महिन्यात ते मिलमध्ये आले, स्क्रीनवर ते वाचलं आणि म्हणाले, उडदाचं राहिलंय, बस.