वेताळाचे जेवण

ज्या घरात पाहुण्याला तिसरी पोळी नको म्हणण्याची सोय नाही, त्या घरात मी एक उपाशी राहणारा मासा आणला, ही चूक आरंभीच कबूल करतो.

चिरंजीवांना कुत्रा हवा होता. परळच्या चाळीतील आमच्या दोन खोल्यांत माणसांनाच कूस बदलताना पूर्वसूचना द्यावी लागते. त्यामुळे तडजोड म्हणून 2 फूट लांबीची काचेची टाकी आली, तिच्यात गप्पी आणि मोली आले आणि एका रविवारी क्रॉफर्ड मार्केटमधल्या दुकानदाराच्या 'अंकल, कुछ भी खाता है' या शब्दावर विसंबून तो आला. दुकानात त्याला अपसाइड-डाउन कॅटफिश म्हणतात. मूळचा आफ्रिकेतील काँगो नदीच्या खोऱ्यातला, पूर्ण वाढला तरी जेमतेम 10 सेंटीमीटरचा, सहा मिशांचा आणि पोट वर करून पोहणारा. बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट फिकट असते. याने मात्र पोटच काळे करून घेतले आहे, कारण उलटे पोहताना वरून पाहणाऱ्याला पोटच दिसते.

मासा उलटा दिसला की मेला, एवढे मत्स्यशास्त्र आमच्या चाळीत प्रत्येकाला अवगत आहे. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात तो चार वेळा मेला. 'अहो, गेला हो तुमचा!' अशी हाक आली की मी तोंडावरचा साबण तसाच ठेवून जाळी घेऊन धावत असे आणि जाळी पाण्याला टेकताच तो सरळ होऊन करवंटीत शिरत असे.

करवंटी ही माझीच कल्पना. लाजाळू माशाला लपायला जागा दिली की तो धीट होतो, असे कळल्यावर मी खोबरे काढलेली अर्धी करवंटी घेतली, तिला दाराएवढी खाच पाडली आणि पाण्याला चहाचा रंग येणे थांबेपर्यंत ती तीनदा उकळली. ज्या पातेल्यात उकळली, त्याबद्दल घरात अजून बोलणे होते. मासा धीट झाला नाही, घरमालक झाला. दिवसभर तो करवंटीच्या छताला आतून उलटा लटकतो, अंधारात बाहेर येतो आणि कोणी तोंड उघडले की पुन्हा आपल्या झाडावर जातो, म्हणून आईने त्याचे नाव वेताळ ठेवले.

वेताळ जेवत नव्हता. निदान जेवताना कोणाला दिसत नव्हता, आणि आमच्या घरात या दोन्हींचा अर्थ एकच होतो. मोलींचा प्रश्न नव्हता. त्या डबा उघडल्याच्या आवाजाने गोळा होतात आणि दाणा सहसा तळापर्यंत जाऊच देत नाहीत. म्हणून मी तळाला जाणाऱ्या गोळ्या आणल्या आणि दिवा मालवल्यावर टाकू लागलो. कॅटफिशच्या मिशांनाही चव कळते, म्हणजे पदार्थ तोंडात न घेता नुसती मिशी लावून नापसंत करता येतो. हे कसब मी याआधी फक्त माझ्या वडिलांमध्ये, आमटीच्या बाबतीत, पाहिले होते. पुढे उकडलेला मटार सोलून दिला, स्टीलचा चमचा खुपसून काकडीची चकती बुडवली, आणि शेवटी बाजारात कोळंबीचा वाटा घेऊन त्यातल्या एकीचा नखाएवढा तुकडा दोऱ्याला बांधून करवंटीच्या दारात सोडला. उरलेली कोळंबी आम्ही खाल्ली. या सगळ्या उपक्रमात पोट भरल्याचा पुरावा तेवढाच.

तळाशी राहिलेले अन्न कुजले की पाण्यात अमोनिया वाढतो, आणि ती शिक्षा उपाशी माशालाही भोगावी लागते. म्हणून दर दोन दिवसांनी पाव पाणी, म्हणजे आमच्या हिशोबाने एक बादली, बदलायचे, नव्या पाण्यातल्या क्लोरिनवर थेंब टाकायचे, आणि हे सगळे पहाटे पावणेपाचला नळ येतो त्या वेळात.

शेजारचे मालवणी काका हे सर्व दारात उभे राहून पाहत असत. त्यांच्या मते तो सरळ सरळ शिंगाळा होता. 'तो खाणा नाय, तर तू खा त्येका,' एवढे सांगून ते आत गेले.

खरी अडचण अंधाराची होती. निशाचर प्राण्याला रात्र लागते, आणि ती परळमध्ये मिळत नाही. समोर गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरचे दिवे आमच्या भिंतीवर पडतात. साडेबाराला काकांचा टीव्ही बंद होतो, मग पंखा कुरकुरतो, मग कोणीतरी पाणी प्यायला उठतो. शेवटची लोकल गेल्यापासून पहिली येईपर्यंत जी काय शांतता असते, तेवढीच त्याची पंगत. मी खिडकीला जाड चादर लावली आणि गणपतीच्या मखरातून उरलेला लाल जिलेटिन कागद टॉर्चला गुंडाळला, कारण लाल उजेडाने असे मासे फारसे बिचकत नाहीत. लहानपणी मरीन ड्राइव्हवर, 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात, तिकीट काढले की मासे काचेपाशी हजर असत. इथे मी स्वतःच्याच घरात, लाल टॉर्च घेऊन, स्टुलावर पेंगत बसलो होतो.

तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे नळाखाली बादली लावली आणि दिवा न लावताच टाकीकडे पाहिले. करवंटी रिकामी होती. मी टॉर्च वर केला. वेताळ थेट पाण्याच्या पृष्ठभागाखाली, पोट वर करून, मिशा पसरून संथपणे सरकत होता आणि कडेच्या तरंगत्या पानाखाली अडकलेला, मोलींच्या नजरेतून सुटलेला चुरा चिमुकल्या तोंडाने खालून ओढून घेत होता. एक कण, थोडा थांबा, दुसरा कण. काळे पोट चांगले गरगरीत होते. हा मासा मुळात उलटा होऊन पाण्यावरचे किडे टिपणारा, आणि मी तीन आठवडे त्याचे ताट तळाला मांडत होतो!

मला राहवले नाही. 'अगं, उठ, जेवतोय!' मी ओरडलो.

ती आली, तिने दिवा लावला, टाकीत पाहिले. पानाखाली काही नव्हते. करवंटीच्या दारातून दोन मिशा बाहेर दिसत होत्या.

'बादली भरून वाहतेय,' ती म्हणाली.