मातीवर मशीन वाजत नाही

उन्हाळवाही सुरू झाली की आमच्या गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ हटकून उगवतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला, त्यात एक माझा मावसभाऊ. हातात धातू शोधायचं मशीन, मागं तलवारींचा खणखणाट, आणि बोलणारा सांगतो की वावरात जुनं काही सापडलं तर ते तुमचंच, कोणाला सांगू नका. सांगितलं की सरकार शेत घेते. पुरातत्त्ववाले नेलेलं सारं गोदामात सडवतात. इंग्रजांनी खणलं तेव्हा कोणी अडवलं नाही, मग आपणच का थांबायचं? खरा इतिहासप्रेमी तो, जो स्वतः खणतो. आणि शेवटी मशीनच्या दुकानाचा नंबर.

पहिली भीती शेत जाण्याची. विदर्भातल्या शेतकऱ्याला तीच दाखवली की बाकीचं आपोआप खपतं. सापडलेल्या धनाला 1878 चा निखात निधी कायदा लागतो. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, एवढी त्याची पहिली अट. धनाला वाली निघाला नाही, आणि सापडणारा व जमीनमालक यांचं आपसांत काही ठरलेलं नसलं, तर रुपयातले बारा आणे सापडणाऱ्याला आणि चार आणे जमीनमालकाला. ती वस्तू सरकारला ठेवायची असेल तर मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. लपवली तर मात्र हिस्सा बुडतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शेत घ्यायचं कलम त्यात नाही. कायद्यावर रागवायचंच असेल तर दुसऱ्या गोष्टीवर रागवा: मोल धातूचं धरलंय, इतिहासाचं नाही. मातीमोल धातूच्या नाण्याला या हिशेबानं चहाचे पैसेही सुटायचे नाहीत.

जागा संरक्षित होणं ही वेगळी भानगड. ते 1958 च्या कायद्यानं होतं, आधी दोन महिन्यांची नोटीस निघते, हरकत घेता येते. त्यानंतरही जमीन मालकाचीच राहू शकते, आणि फूटभरापेक्षा खोल खणायचं नसेल तर पीक घेता येतं. बांधकाम आणि खाणकाम बंद होतं, आणि 2010 च्या दुरुस्तीनं आजूबाजूच्या शंभर मीटरांतही नवं घर बांधता येत नाही. ज्याला पोराच्या लग्नाआधी दोन खोल्या काढायच्या आहेत त्याला हा जाच खराच आहे, मी तो नाकारत नाही. पण वखराला एक हंडा लागला म्हणून तो मागं लागत नाही.

आता मशीन. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

रामटेकजवळचं नगरधन म्हणजे विदर्भाच्या वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागानं 2015 नंतर तिथं खणलं, तेव्हा एक मातीची मुद्रा निघाली. वजन साडेसहा ग्रॅमही नाही. तिच्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचं नाव आणि शंख. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक, नवरा गेल्यावर पोरं लहान म्हणून तिनं विदर्भाचा कारभार हाकला. तिचं नाव ताम्रपटांतून ठाऊक होतं, पण ती जिथून राज्य करायची त्या जागीच तिच्या नावाची माती मिळणं ही गोष्टच वेगळी. व्हिडिओतलं मशीन त्या मुद्रेवरून दहा वेळा फिरलं असतं तरी वाजलं नसतं. ते खिळ्यावर वाजतं, नांगराच्या तुटक्या फाळावर वाजतं, गुटख्याच्या चांदीवरही वाजतं. आणि फाळासाठी खड्डा करताना मुद्रा ढेकळात जाते. ढेकूळ फोडून कोण बघणार?

नागपूर-वर्धा पट्ट्यातली शिलावर्तुळं घ्या. गोट्यांचं गोल रिंगण, मधे मुरूम-खडीचा उंचवटा. गावात कोणी त्यांना गवळी राजाची म्हणतं, कोणी काही म्हणत नाही, बकऱ्या बसवतं. ही लोहयुगातली दफनं. माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या सुमारास वर्तुळं खणली, तेव्हा माणसांसोबत पुरलेले घोडे निघाले. घोड्याच्या तोंडावर तांब्याचा साज, लोखंडी लगाम. मशीनवाल्याला त्यातला तांब्याचा पत्रा तेवढा मिळाला असता. तो पत्रा घोड्याच्या कपाळावर होता, घोडा धन्याजवळ होता, हे खड्ड्याबाहेर फेकलेल्या मुरमात गेलं असतं. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी सापडली. लोहकीट म्हणजे लोखंडाचा मळ, भाजलेली माती, भात्याची मातीची नळी. बाजारात याचे शून्य रुपये. पण अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्याकडं लोखंड गाळत होते हे तिनंच सांगितलं.

वस्तू दणदणीत असली तरी सुटत नाही. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात दायमाबादला 1974 साली झुडपाचं खोड उपटताना काशाची चार शिल्पं सापडली: रथ, हत्ती, गेंडा, रेडा. वजन साठ किलोंच्या वर. ती सरकारजमा झाली हे बरंच झालं. पण थरांतून, नोंद ठेवत निघाली नाहीत, म्हणून ती हडप्पा काळाच्या उतरणीची की बरीच नंतरची, यावर मोठमोठे अभ्यासक भांडले. धातूत आर्सेनिक किती, यावरून वय काढायची वेळ आली. ज्यानं खोड उपटलं त्याचा यात दोष नाही, तो सरपण काढत होता. मुद्दाम मशीन घेऊन जाणाऱ्याला ती सबब नाही.

हा शहाणपणा मी पुस्तकातून शिकलो असं समजू नका. सहावी-सातवीत असताना पहिला पाऊस पडून गेला की आम्ही पोट्टे टेकाडांवर मणी वेचायचो. तांबडे, पट्ट्यांचे, एक-दोन बारीक भोकाचे पांढरे. माझ्याकडं व्हिक्सच्या दोन बाटल्या भरल्या होत्या. पुढं कॉलेजात सरांना मोठ्या ऐटीत दाखवल्या. त्यांनी एकच विचारलं, कोणता मणी कोणत्या टेकाडावरचा? तीन टेकाडं होती. मी बाटली हलवली होती. आता ते मणी नुसते सुंदर आहेत.

गोदामाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणा होईल. उत्खननाचे अहवाल वर्षानुवर्षं निघत नाहीत. ज्या गावातून वस्तू गेली त्या गावाला तिचा फोटोसुद्धा मिळत नाही. मी स्वतः एका कार्यालयात आमच्या शिवारातल्या वर्तुळांची माहिती द्यायला गेलो, तर तीन चकरांनंतर हा अर्ज कोणत्या टेबलाचा हेच ठरलं नव्हतं. तरी गोदामातली वस्तू पुन्हा उघडता येते. मंगरूळ तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला, सुमारे दीड हजार नाणी. तो बराचसा एकत्र राहिला, म्हणून संशोधक वा. वि. मिराशींना एकेक नाव वाचता आलं, आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे पुढं आले. हीच नाणी मोबाईलवरच्या ग्रुपात पन्नास-पन्नासला विकली असती तर? प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट पुण्यात एका तांबटाकडं मिळाला. वितळला नाही हे आपलं नशीब. विकण्याबद्दल कायदाही सांगून टाकतो: शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि देशाबाहेर तर खासगी माणसाला पाठवताच येत नाही. 1972 चा कायदा आहे.

इंग्रजांचं म्हणाल तर नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळं रिवेट-कार्नॅक या साहेबानं खणली. आजच्या मापानं तेही घाईचंच काम. पण त्यानं 1879 मध्ये लिहून छापलं, म्हणून आज त्याच्या चुका तरी काढता येतात. दगडांवरचे वाटीसारखे खळगे त्यानंच टिपले. ते कोणत्या दिशेला आहेत आणि सूर्याशी त्यांचा काही मेळ आहे का, हे अलीकडं अभ्यासकांनी मोजलं. दगड जागचा हलला नव्हता म्हणून मोजता आलं. आमच्याकडं असे सात-आठ गोटे जेसीबीनं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन टाकलेत. त्यांची दिशा आता धुऱ्याची दिशा.

आणि "सांगू नका" म्हणणाऱ्यानं एकदा पवनारला जावं. विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना मूर्ती आणि शिल्पं निघाली. ती लपवली नाहीत, विकली नाहीत, तिथंच उभी केली. भरत-भेटीच्या शिल्पापुढं आजही कोणी जाऊन बसू शकतं. मिराशींनी ती पाहिली, वाकाटकांच्या प्रवरपूर या राजधानीशी त्यांचा धागा जोडला. गुप्तधन म्हणून रात्री खणलं असतं तर त्यातलं काय उरलं असतं? गुप्तधनापायी लिंबू-कोंबड्यापासून पुढं कुठवर मजल जाते ते आपल्या जिल्ह्यांना माहीत आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही झाला.

हे सगळं मी मावसभावाला फोनवर ऐकवलं. तो गप्प होता. मग म्हणाला, "ते जाऊ दे दादा, माह्या वावरात परवा वखर अटकला. मडकं हाय काही तरी. मंग म्या काय करू?"

म्हटलं, उकरू नको, धुवू नको, चिंच तर लावूच नको. शेजारी काडीपेटी ठेवून फोटो काढ, म्हणजे माप कळेल. किती वीत खोल ते लिही. तहसीलला जिल्हाधिकाऱ्याच्या नावानं दोन प्रतींत अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय हलू नको, चौथी चकर मारावी लागली तरी.

त्यानं वर ताडपत्री टाकून बोरीच्या काट्या रचल्यात. काल फोटो आला. काडीपेटीशेजारी मडक्याची कड दिसते, बाहेरून तांबडी, आतून काळी. अर्जही लिहिलाय, फक्त गट नंबर टाकायचा राहिलाय. सातबारा वहिनीच्या ट्रंकेत आहे, ती बाजारातून आली की पाहतो म्हणाला.