जाड आवाजाची कमाई

रविवारी भाचा जेवायला आला होता. जेवण झाल्यावर सोफ्यावर आडवा पडून मोबाइल बघता बघता म्हणाला, "आत्या, ही मोठं कुंकू लावून इंग्लिश गाणी म्हणणारी बाई आहे ना, हिची संपत्ती किती कोटी असेल, सांग बघू." मोबाइलवर उषा उथुप होत्या. कांजीवरम साडी, मनगटभर बांगड्या, केसांत फुलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर आडवा छापलेला एक आकडा. तो आकडा मी इथे लिहीत नाही, कारण तो कुठून आणला हे त्या व्हिडिओत कुठेच नव्हतं. पुढच्याच व्हिडिओत त्याच बाईंची संपत्ती तिप्पट झालेली होती.

भाच्याला मी रागावले नाही. त्याचं वय सतरा, त्याला समोर येईल ते तो बघतो. पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. गाणाऱ्या माणसाचे पैसे कसे येतात, किती उशिरा येतात आणि कुणाचे येतच नाहीत, हे मी लहानपणापासून घरात बघितलंय. म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांब होईल, वेळ असेल तेव्हा वाचा.

उषाताई आमच्या भायखळ्याच्या. जन्म १९४७ चा, घरचं आडनाव अय्यर, वडील मुंबई पोलिसात. लव्हलेनमधल्या पोलीस क्वार्टर्समध्ये त्यांचं बालपण गेलं आणि शाळा क्लेअर रोडवरची सेंट अ‍ॅग्नेस. त्या शाळेत गाण्याच्या वर्गातून त्यांना बाहेर काढलं होतं. कारण काय, तर आवाज बाकीच्या मुलींच्या आवाजात बसत नव्हता. पुढे बाईंना वाटलं, पोरीत संगीत तर आहे, म्हणून मग हातात टाळी वाजवायची फळकुटं आणि ट्रँगल दिला. गायची नाही, वाजव. घरात मात्र गाणं भरलेलं होतं. थोरल्या बहिणी गायच्या. त्यांच्यामुळेच रेडिओवरचे निवेदक अमीन सयानी यांच्याशी ओळख झाली आणि नऊ वर्षांची असताना ही मुलगी रेडिओ सिलोनवर गायली.

वर्गात नको असलेला तो आवाज तेव्हा कुठल्याच मुलीला नको असायचा. मुलीचा गळा बारीक, गोड, वरच्या पट्टीत चढणारा असला की कौतुक. जाड असला की "पुरुषी". हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, दिवसा गोदीत कारकून होते आणि रात्री ऑर्केस्ट्रात साइड र्‍हिदम वाजवायचे. तुंबा, बोंगो, खंजिरी, जे लागेल ते. घोडपदेवला आमची एक खोली. पावसाळ्यात कार्यक्रमाला निघण्याआधी ते बोंगो स्टोव्हच्या वर हातभर अंतरावर धरून शेकायचे. कातडं ताणलं की बोटाने टिचकी मारायची आणि आईला विचारायचं, "बोलतोय का?" आईने मान हलवली की पिशवीत.

त्या ऑर्केस्ट्रात एक गायिका होती. नाव देत नाही, तिला आवडणार नाही. आम्ही तिला मावशी म्हणायचो. साडी बदलायला ती आमच्याकडे यायची, कारण थिएटरातल्या मेकअप रूममध्ये बायकांसाठी आडोसा नसायचा. मावशीचा आवाज जाड. लहानपणी गाण्याच्या क्लासात तिसऱ्याच दिवशी तिच्या आईला बोलावून सांगितलं होतं, हिचा गळा पुरुषी आहे, पैसे वाया घालवू नका. ऑर्केस्ट्रात ती कोरसमध्ये मागे उभी असायची. लताबाईंची गाणी एक म्हणायची, आशाबाईंची दुसरी, मावशी दोघींच्या मागे आ आ आ.

आणि मग १९८० साली 'प्यारा दुश्मन'मधलं 'हरी ओम हरी' आलं. पुढच्या वर्षी 'अरमान'मधलं 'रंबा हो'. दोन्ही बप्पी लाहिरींची, दोन्ही उषाताईंची. गणपतीत, नवरात्रात पब्लिक ओरडून ओरडून तीच मागायला लागलं आणि एकाही ऑर्केस्ट्रातल्या बारीक आवाजाच्या मुलीला ती पेलेनात. दादांनी मालकाला सांगितलं, आपल्याकडे आहे की. मावशी मागच्या रांगेतून पुढे आली. कोरसचे वीस रुपये मिळायचे, आता नाइटचे पंचाहत्तर. तिने केसांत गजरे माळले आणि रुपयाएवढी टिकली लावली. लोक शिट्ट्या मारायचे. मी विंगेत बसून बघायचे आणि मला वाटायचं, मुंबईतली सगळ्यात श्रीमंत बाई हीच.

एका बाईच्या गळ्यामुळे किती जणींच्या घरात पैसे आले, हे कुठल्या व्हिडिओत मोजतात?

उषाताईंच्या स्वतःच्या कमाईचा रस्ताही वेगळाच होता. त्या सिनेमाच्या दारात उभ्या राहिल्या नाहीत. १९६९ च्या सुमारास मद्रासला माउंट रोडवरच्या 'नाइन जेम्स' नावाच्या छोट्या नाइट क्लबमध्ये त्या साडी नेसून गायल्या. तो काळ डोळ्यांसमोर आणा. क्लबमध्ये गाणारी म्हणजे कशी, याचं चित्र लोकांच्या मनात पक्कं होतं आणि ही तमिळ ब्राह्मण घरातली पोलिसाची मुलगी काठापदराची साडी नेसून इंग्रजी पॉप गात होती. नंतर आपल्या मरीन ड्राइव्हला 'टॉक ऑफ द टाऊन'. सूना महालच्या तळमजल्यावर आज जिथे पिझ्झा खायला रांग लागते, तीच जागा. मग कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरचं 'ट्रिंकाज'. तिथे त्या रमल्या, संसार केला आणि कलकत्त्याच्याच झाल्या. कपाळावरच्या टिकलीत बंगाली 'क' लिहिलेला असतो, तो कोलकात्याचा 'क'. भायखळ्याची मुलगी कपाळावर कलकत्ता मिरवते याचं मला वाईट वाटत नाही. ज्या गावाने गाऊ दिलं, ते गाव आपलं.

दिल्लीत हॉटेलात गात असताना देव आनंद आणि मंडळींनी ऐकलं आणि 'हरे रामा हरे कृष्णा'त बोलावलं. तो चित्रपट १९७१ चा. आशाबाईंबरोबरच्या गाण्यात इंग्रजी भाग त्यांनी गायला, नाव लागलं उषा अय्यर. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत हिंदी चित्रपटाने त्यांना काय दिलं, ते बघा. अधूनमधून एखादं गाणं. 'शालिमार', 'शान', 'डिस्को डान्सर'. फिल्मफेअर मिळालं ते २०१२ साली, '७ खून माफ'मधल्या 'डार्लिंग'साठी, रेखा भारद्वाज यांच्याबरोबर. वयाची पासष्टी आली होती. पद्मश्री २०११ ला, पद्मभूषण २०२४ ला. त्याच यादीत आपले दिग्दर्शक राजदत्त होते आणि संगीतकार प्यारेलालजीही. १७ भारतीय आणि ८ परदेशी भाषांत गाणाऱ्या, केनियात जाऊन स्वाहिलीत गाणाऱ्या बाईंचा मान इतका उशिरा यावा, याचा मला आजही राग येतो.

म्हणजे त्यांचं घर चाललं ते स्टेजवर. सिनेमाच्या भाषेत सांगायचं तर रेकॉर्डिंगवर नाही, तारखांवर. तारीख लागली, गायलं, पैसे घेतले, दुसऱ्या गावाला निघाले. त्यातूनच कोलकात्यात स्वतःचा रेकॉर्डिंग स्टुडिओ उभा केला. हा पैसा घाम गाळून आलेला आहे, कुठल्या आकडेवाल्याने तो लॉटरीसारखा दाखवू नये.

आणि स्टेज म्हणजे काय जोखीम असते, ते पुन्हा त्यांच्याच आयुष्यात बघा. १९८० च्या दशकात पश्चिम बंगालच्या एका मंत्र्यांनी त्यांचं गाणं 'अपसंस्कृती' ठरवलं आणि सरकारी सभागृहात गायला बंदी घातली. स्टेजवर जगणाऱ्या माणसाला सभागृह बंद म्हणजे चूल बंद. बाई गप्प बसल्या नाहीत, कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. आपल्याकडे कलाकाराने कोर्टात जाणं म्हणजे पुढच्या दहा तारखा घालवणं, असं दादा नेहमी म्हणायचे. त्या भीतीपोटी ते स्वतः कधी कुणाविरुद्ध गेले नाहीत.

जायला हवं होतं. दादांची वही माझ्याकडे आहे. लांबट, खाकी पुठ्ठ्याची. प्रत्येक ओळीत तारीख, जागा, रक्कम आणि पैसे हातात आले की लाल पेन्सिलीने बरोबरची खूण. १९८३ च्या नवरात्रातल्या नऊ ओळींपुढे एकही खूण नाही. आयोजक सातव्या रात्रीनंतर दिसलाच नाही. उरलेल्या दोन रात्रीही सगळ्यांनी वाजवलं, कारण लोक जमले होते. मावशीने त्या नवरात्रासाठी हप्त्यावर साडी घेतली होती. हप्ते दिवाळी उलटून गेल्यावरही चालू होते.

आता मुख्य गोष्ट, जी त्या व्हिडिओवाल्यांनी एकदा नीट समजून घ्यावी. आपल्याकडे गाणं गाजलं म्हणून गाणाऱ्याला वर्षानुवर्षं पैसे येत राहिले, असं बहुतेकांच्या बाबतीत घडलंच नाही. रिवाज एकरकमी होता. स्टुडिओत या, गा, पाकीट घ्या. गाणं पुढे चाळीस वर्षं वाजलं तरी ते वाजणं दुसऱ्याच्या खात्यात. यावरूनच १९६० च्या दशकात लताबाई आणि रफीसाहेबांमध्ये बेबनाव झाला. लताबाईंचं म्हणणं, गायकाला रॉयल्टी मिळालीच पाहिजे. रफीसाहेबांचं म्हणणं, गायलो, पैसे घेतले, विषय संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफीसाहेब देवमाणूस, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या बाबतीत लताबाईंचंच बरोबर होतं. त्या तेव्हा त्यासाठी भांडल्या, याची नोंद आपण मराठी माणसांनी तरी ठेवायला हवी.

कायदा बदलायला २०१२ साल उजाडलं. कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गाणारा-वाजवणारा कलाकार आपली कला चित्रपटाला करारानं देऊन मोकळा झाला, तरी तिच्या व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क त्याचा आहे, हे ३८-अ कलमात आलं. पुढच्या वर्षी गायकांची इस्रा ही संस्था स्थापन झाली, त्यातही लताबाई पुढे होत्या. तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या. पन्नास वर्षं एकाच मागणीवर ठाम राहणं म्हणजे काय, याचा विचार करा.

तिकडे परदेशात गाणं ही घर-जमिनीसारखी मालमत्ता असते. अमेरिकन गायक बॉब डिलन यांनी २०२० मध्ये आपल्या गाण्यांचे हक्क विकले, पुढच्या वर्षी तिथलेच ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी विकले, तेव्हा स्प्रिंगस्टीन यांची रक्कम ५० कोटी डॉलरच्या घरात असल्याच्या बातम्या होत्या. गायिका टीना टर्नर यांचं मला जास्त वाटतं. १९७८ च्या घटस्फोटात त्यांनी जवळपास सगळ्यावर पाणी सोडलं आणि 'टीना टर्नर' हे नाव तेवढं मागून घेतलं. त्या नावावर छोट्या-मोठ्या ठिकाणी गात राहिल्या, १९८४ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या आणि २०२१ मध्ये हक्क विकले तेव्हा म्हातारपण स्वित्झर्लंडमध्ये सुखात होतं. त्यांच्याकडेही लुबाडणूक कमी झाली नाही, पण मागायला कागद होता. आपल्याकडे मागायचं कुठल्या कागदावर?

म्हणून "या वयात अजून कशाला गातात" असं कुणी म्हणालं की मला सहन होत नाही. उषाताई पंचाहत्तरी ओलांडून गातात. २०२४ मध्ये पद्मभूषण स्वीकारलं, त्याच वर्षी जुलैत त्यांचे पती जानी चाको उथुप गेले. त्यानंतरही त्या गातात. मी त्यांना एकदाच प्रत्यक्ष ऐकलं. शेवटच्या रांगेत होते, पण त्या ज्या खालच्या स्वरात "नमस्कार" म्हणाल्या, तो थेट छातीत वाजला. शेजारी एक आजी काठी बाजूला ठेवून टाळ्या वाजवत होत्या. पायात स्नीकर्स आणि अंगावर कांजीवरम घालून ती बाई अख्खं सभागृह गायला लावते. याला कुणी पोटासाठीची वणवण म्हणू नये आणि हावही म्हणू नये. ज्याला गळा आहे तो गातो आणि गाण्याचे पैसे घेतो. घ्यायलाच हवेत.

भाचा गेल्यावर मी मावशीला फोन लावला. आता ती नालासोपाऱ्याला मुलाकडे असते. गुडघे गेलेत, कान अजून तिखट आहेत. ती हजारो माणसांसमोर गायली, पण तिचा आवाज एकाही रेकॉर्डवर नाही, त्यामुळे तिच्या वाट्याला कुठला कायदा येत नाही. मी तिला व्हिडिओचं सांगितलं, कोटींचा आकडाही सांगितला. त्यावर ती काहीच बोलली नाही.

थोड्या वेळाने म्हणाली, "अजून गाते ना गं ती?"

"गातात की."

"पट्टी उतरवली का?"

मला ते सांगता येईना. म्हटलं, ऐकून बघावं लागेल.

"दादांच्या घरात पेटी होती. आहे का अजून?"

"आहे."

"मग जा, फोन तिथे ठेव. काळी एक दाब."

मी पेटीवरचा रुमाल काढला, भाता सोडला आणि काळी एक दाबली. एक सूर थोडा भसाडा लागतो, पण लागतो. पलीकडून मावशीने खाकरून घसा साफ केला आणि सा लावला.