खुलासा : एका वळवाच्या पावसानं दुष्काळ हटत नाही

‘पाऊस झाला, दुष्काळ हटला, आता बिनधास्त पेरा’ असा मेसेज कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगल्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. पाऊस झाला हे खरं; पुढचं अर्धवट आहे. वाळत चाललेल्या उसाला जीव आला, एखादी पाणीपाळी वाचली, बांधावर वैरण हिरवी होईल. विहिरी मात्र लगेच भरत नाहीत. तापलेली जमीन आधी स्वतःची तहान भागवते. सोयाबीन-भुईमुगासाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. कुदळीनं वीतभर उकरून बघा. खालची माती मुठीत दाबूनही भुरभुरली, तर पेरणीची कुरी अजून खोपीतच राहू दे. आणि घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याच्या धो-धो पावसाचे व्हिडिओ बघून कमी पावसाच्या शिरोळात पेरू नका, राव!