तेहतीस शिक्के

रविवारी सोसायटीच्या सभेत काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. नव्या चेअरमननी खजिनदाराचं चेकबुक काढून घेतलं, सेक्रेटरीचा रबरी शिक्का कपाटात कुलूपबंद केला आणि आता जिन्यातल्या बल्बलासुद्धा त्यांचीच सही लागते. सोमवारी कट्ट्यावर दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं.

कौस्तुभ खूश होता. "फायनली सिस्टीम येतेय. सिंगल पॉइंट कंट्रोल!" कौस्तुभ कुठल्याशा कंपनीत 'ट्रान्सफॉर्मेशन' बघतो. कशाचं, हे त्याच्या बायकोलाही अजून कळलेलं नाही.

"सॅमसनने हेच केलं होतं," देसाई सर म्हणाले.

"कोण, तो बायबलमधला केस कापलेला?" बंड्याने विचारलं.

तो नव्हे, इंग्लंडातल्या एका जुन्या मठाचा प्रमुख. सर उन्हाळ्यात मुलाकडे इंग्लंडला जाऊन आले, तेव्हा सफोकमधल्या बेरी सेंट एडमंड्सचा पडका मठ बघून आले. फोटोत नुसते दगड. बाग आहे, भिंतीचे सुळके आहेत आणि जुन्या चर्चच्या दर्शनी भिंतीत चक्क लोकांनी घरं बांधलीत. तेव्हापासून सरांना दर चार वाक्यांनी बेरी आठवतं. पण या वेळी गोष्ट कामाची निघाली.

११८० साली तिथला म्हातारा मठाधिपती ह्यू हा कँटरबरीच्या यात्रेला जाताना घोड्यावरून पडला आणि त्यातच गेला. मठ कर्जात बुडालेला. कारण प्रत्येक खात्याचा वेगळा साधू-अधिकारी आणि प्रत्येकाचा आपला शिक्का. कोठीवाला म्हणजे सेलरर, त्याच्याकडे धान्य, दारू, पाहुणे. सॅक्रिस्टकडे चर्चची इमारत, मेणबत्त्या, पूजेची भांडी. कपड्यांचा वेगळा, दानधर्माचा वेगळा, दवाखान्याचा वेगळा. ज्याला पैसे लागतील तो आपला शिक्का मारून सावकाराकडून आणायचा. विल्यम नावाच्या सॅक्रिस्टने तर एका पडक्या खोलीच्या दुरुस्तीसाठी गुपचूप ४० मार्क उचलले. त्या कागदावर मारलेला शिक्का संताच्या समाधीपाशी टांगलेला असायचा. व्याज चढून त्याचे झाले १०० पौंड. ४० मार्क म्हणजे जेमतेम २७ पौंड, हेही सरांनी बोटांवर करून दाखवलं.

"अन् मग?" जाधवमामा पहिल्यांदा बोलले.

मग ११८२ मध्ये सॅमसन मठाधिपती झाला. त्याने सगळ्यांचे शिक्के मागवले. तेहतीसच्या आसपास निघाले! सगळे जप्त. प्रायर, म्हणजे मठाधिपतीच्या हाताखालचा प्रमुख, आणि मठातले साधू यांना विचारल्याशिवाय एका पौंडाच्या वर कर्ज काढायचं नाही. प्रायर आणि सॅक्रिस्ट या दोघांचे शिक्के मात्र परत दिले. बारा वर्षांत कर्ज फिटलं.

"बघा!" कौस्तुभ उठून उभाच राहिला. "अप्रूव्हल लिमिट! बाराव्या शतकात!"

"बस खाली," मामा म्हणाले. "कर्ज कोणी केलं?"

"सॅक्रिस्टने."

"शिक्का परत कोणाला?"

सर थांबले. तो विल्यम त्याआधीच पदावरून गेला होता, परत मिळाला तो नव्या सॅक्रिस्टला, असं त्यांनी सांगितलं. विल्यम निवडणुकीत विरुद्ध बाजूला होता. त्याच्या घरात दारूच्या बैठका चालायच्या म्हणून सॅमसनने ते पाडलं, आणि वर्षभरात तिथे घेवडा उगवला. दारूची पिंपं होती त्या जागी खाजरं तण.

"म्हणजे माणूस बदलला, खुर्ची तीच, शिक्का तोच. आणि कोठीवाल्याचा?"

"नाही मिळाला."

"वाटलंच मला," मामा म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. मामा एकतीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरला होते. खिळ्याचा हिशेब खिळ्याला ठेवणारा माणूस. निवृत्तीच्या आदल्या वर्षी कुणा साहेबाने तोंडी सांगून माल उचलला आणि मेमो मामांना मिळाला. ही गोष्ट आम्ही साठेक वेळा ऐकली आहे. एकसष्टावी टळावी म्हणून मी घाईघाईने सरांना म्हटलं, पुढे सांगा.

पुढे आणखी मजा. नियम असा, की मठाधिपती घरी असतील तर बहुतेक पाहुण्यांचा खर्च त्यांचा. ते बाहेर असतील तर तेरा घोड्यांपर्यंतचे पाहुणे कोठीवाल्याच्या अंगावर. आणि सॅमसन महाराज बरेचदा गावोगावच्या आपल्या वाड्यांवर. साधू कुरकुरायचे, की साहेब मठापेक्षा तिकडेच जास्त खुलतात.

"साहेब दौऱ्यावर, पाहुणे कोठीवर," मामा म्हणाले. "मग कोठीचा हिशेब तुटीत गेला असणार."

"गेला."

"मग साहेबांनी काय केलं? कोठीवर आपला कारकून बसवला असणार."

सर चाटच पडले. खरंच बसवला होता. त्या कारकुनाला विचारल्याशिवाय सेलररने काही करायचं नाही.

"हे ऑडिट आहे मामा, पर्सनली नका घेऊ," कौस्तुभ.

"महाबळेश्वरच्या ट्रिपचे एकोणीसशे रुपये अजून कुठल्या ऑडिटमध्ये अडकलेत?"

हे २०१४ चं प्रकरण. कौस्तुभकडे कॉन्ट्री होती आणि परतताना 'टोल वाढला' हे एकच कारण होतं. बंड्याने लगेच त्यात तेल ओतलं आणि पुढची दहा मिनिटं टोलनाक्यावर गेली.

सरांनी गाडी परत आणली. हे साधू पाळायचे त्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत एकतिसावं प्रकरण सबंध सेलररवर आहे. तो फार खाणारा नसावा, मठाच्या अवजारांकडे वेदीवरच्या पवित्र भांड्यांसारखं बघावं, आणि द्यायला काही नसेल तेव्हा निदान गोड उत्तर द्यावं.

"एकतीस वर्षं मी तेच केलं," मामा म्हणाले. "गोड उत्तर दिलं."

"मला कधी दिलं नाही," कौस्तुभ म्हणाला.

"तू कधी 'नाही' ऐकायला आलास? तू स्लिप न आणता माल मागायला येतोस."

कौस्तुभ आता इरेला पेटला. लीडर लागतोच, सॅमसन नसता तर मठ बुडाला असता, वगैरे. सरांनी मान डोलावली. मग म्हणाले, कर्ज फिटण्याच्या गोष्टीत एक पान काळं आहे. ११९० मध्ये ईस्टरच्या आधीच्या रविवारी बेरीत ५७ ज्यूंची कत्तल झाली आणि त्यानंतर सॅमसनने राजाची परवानगी काढून उरलेल्यांना गावाबाहेर घालवलं. सावकारीचा ठपका त्यांच्यावर, शिक्के मारणारे मात्र मठातच. कुणी काही बोललं नाही. चहावाल्याने रॉकेलचा पंप मारला तेवढाच आवाज.

बंड्याला शांतता सोसत नाही. "सर, काहीतरी हलकं सांगा की."

सरांनी पवनचक्कीची गोष्ट काढली. हर्बर्ट नावाच्या एका डीनने, म्हणजे पाद्र्यांवरच्या अधिकाऱ्याने, आपल्या शेतात पवनचक्की उभारली. म्हणाला, वारा सगळ्यांना मोकळा हवा, मी माझंच धान्य दळणार. सॅमसन असा खवळला की देवाच्या मुखाची शपथ घेऊन म्हणाला, ती पडेपर्यंत भाकरी खाणार नाही. लोक उद्या तुझ्याकडे दळायला जातील, माझ्या चक्कीचं काय? आणि हर्बर्टला म्हणे, तू माझे दोन्ही पाय कापले असतेस तर मानले असते तेवढे तुझे आभार मानतो. हर्बर्टने घाईघाईने स्वतःच चक्की पाडली. सॅक्रिस्टची माणसं पाडायला आली तर पाडायला काही शिल्लकच नाही.

"वाऱ्यालासुद्धा साहेबांची सही," मामा म्हणाले.

हसून हसून बंड्याचा चहा सांडला. कौस्तुभही हसला, हे मान्य करायला हवं.

मी विचारलं, इतकं सगळं कळलं कसं? सर म्हणाले, जोसेलिन नावाच्या साधूने लिहून ठेवलं. सहा वर्षं सॅमसनचा चॅप्लेन, म्हणजे खासगी पुरोहित होता, सगळं जवळून बघितलेला. निवडणुकीआधी मठातले साधू कुणाला निवडावं यावर काय काय कुजबुजले तेही त्याने टिपलंय. एक म्हणाला, देव करो आणि आम्हाला मूर्ख मठाधिपती मिळो, म्हणजे त्याला आमची गरज लागेल. आणि या गप्पा रंगायच्या कधी? ठरावीक दिवशी साधूंचं रक्त काढायचे, तेव्हा. त्या काळात नियम जरा सैल असायचे आणि मनातलं बाहेर यायचं.

मामांनी कप खाली ठेवला. "मग ठरलं. उद्या सकाळी साडेसातला माझी शुगरची तपासणी आहे, उपाशीपोटी. सगळे लॅबमध्ये या. नवा खजिनदार तिथेच निवडू."

"माझं कोलेस्टेरॉल राहिलंय," सर म्हणाले.

"मूर्ख उमेदवार कुठून आणायचा?" बंड्याने विचारलं, आणि सगळ्यांनी एकदम कौस्तुभकडे बघितलं.

"मी फास्टिंग करत नाही," कौस्तुभ म्हणाला.