रक्तबीज विझार्ड म्हणे!

दर रविवारी दुपारी आमच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन, फासे टाकत खेळायचा कल्पनेतला खेळ. पाच पोरं, मी डीएम (गोष्ट चालवणारी, निवाडा करणारी), मध्ये फरसाणाचं ताट. परवा भाचा चपला काढायच्या आधीच ओरडला, "मावशी, आज मी पन्नास जण घेऊन खेळणार!" त्याच्या ग्रुपवर एक रील फिरतेय: 'रक्तबीज विझार्ड! फुकटात अमर्याद सैन्य, नियमात बसतं, डीएम नाही म्हणूच शकत नाही.' संध्याकाळपर्यंत तीच रील मला आणखी दोघांनी पाठवली. म्हणून हे लिहायला बसले.

रीलमधली युक्ती अशी. विझार्डने, म्हणजे जादूगार पात्राने, सिम्युलाक्रम हा स्पेल (मंत्र) कास्ट करून स्वतःची बर्फाची प्रत करायची. त्या प्रतीने विश (इतर स्पेलचं काम करून देणारा नवव्या लेव्हलचा स्पेल) वापरून मूळ विझार्डची आणखी एक प्रत करायची, तिने पुढची, असं कितीही.

आधी भाच्याचंच बघू. "सातव्या लेव्हलचा स्पेल आहे आणि मी सातव्या लेव्हललाच आहे!" अरे राजा, स्पेलची लेव्हल वेगळी, पात्राची वेगळी. सिम्युलाक्रम विझार्डला मिळतो तेराव्या लेव्हलला आणि विश सतराव्या. सातव्या लेव्हलच्या विझार्डकडे चौथ्या लेव्हलपर्यंतचेच स्पेल असतात. रीलमध्ये याबद्दल अवाक्षर नाही, आणि पोरं नेमकी इथेच फसतात.

आता 'नियमात बसतं'. चडफडत कबूल करते, खेळाच्या 2014 च्या नियमपुस्तकात शब्दशः बसत होतं. तिथे म्हटलं होतं की तुम्ही हा स्पेल पुन्हा कास्ट केलात तर तुम्ही बनवलेली आधीची प्रत नष्ट होते. इथे प्रत्येक प्रत दुसऱ्याच प्रतीने बनवलेली, म्हणून कुणीच विरघळायचं नाही. 2024 च्या प्लेयर्स हँडबुकने हे अर्ध्या वाक्यात आटोपलं: प्रतीला मूळ पात्राचं जवळपास सगळं मिळतं, पण हा स्पेल कास्ट करता येत नाही. हँडबुक विकत घ्यायलाच हवं असंही नाही, 2025 साली आलेलं नियमांचं 5.2 दस्तऐवज फुकट वाचता येतं. यावरही काही वकीलसाहेब म्हणतात की विशमधून केलं तर ते 'कास्ट' नव्हेच. बरं. माझ्या टेबलावर हा मुद्दा फेटाळला आहे, अपील नाही.

'फुकटात' तर धडधडीत खोटं. पहिली प्रत विशने काढलीत तर तुमचा नवव्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल करायची दिवसाची ठरलेली मुभा) खर्च झाला, प्रत तुमच्या त्या वेळच्या अवस्थेची, म्हणजे तिच्याकडेही तो नाही, आणि साखळी तिथेच तुटली. पहिली प्रत रीतसरच करावी लागते: बारा तास, माणसाएवढा बर्फ आणि 1,500 सोन्याच्या नाण्यांची माणकांची पूड.

तरी पोराची हौस फिटावी म्हणून त्या दिवशी चार प्रती दिल्या. त्याच्या पाळीत पाच विझार्ड. प्रत्येकाचा स्पेल निवडायचा, अंतर मोजायचं, फासे टाकायचे, मग "थांब, थांब, ह्याने तो नको". पहिल्याच फेरीत पंचवीस मिनिटं गेली. आमची क्लेरिक (पुजारी पात्र खेळणारी), शेजारची सातवीतली मुलगी, फरसाणातले शेंगदाणे वेचून संपवून फासे एकावर एक रचत बसली होती. ह्या रीलचं खरं नुकसान हे. एकाच्या सैन्यापायी चौघं प्रेक्षक होतात.

मग ड्रॅगनची पाळी आली. प्रतीचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल त्याचे गुण, मूळच्या निम्मे असतात. भाच्याचे 38, म्हणजे प्रतींचे 19. तरुण लाल ड्रॅगनचा फुत्कार म्हणजे 16 सहापैलू फासे, सरासरी 56, सेव्ह (बचावाचा फासा) साधला तरी 28. चारही प्रतींचं एकदम पाणी झालं. भाच्याचा सेव्ह लागला, तो दहा हिट पॉइंटवर उभा राहिला. रक्तबीजाची गोष्ट रीलवाल्याने अर्ध्यातच सोडलेली दिसते. कालीमातेने थेंब जमिनीवर पडूच दिला नाही, हे पुढे आहे.

बाकीचं झटपट. 'प्रत रोज झोपून स्लॉट भरते': नाही, दोन्ही आवृत्त्यांत नाही. 'डिस्पेल मॅजिक चालत नाही': जादू मोडायचा हा स्पेल चालतो, तिसऱ्या लेव्हलने केलात तर फासा टाकून 17 गाठावे लागतात, एवढंच. 'क्लोन स्पेलने एकाच वेळी दोन पात्रं खेळता येतात': क्लोन भांड्यात निपचित पडून असतो, तुम्ही मेल्यावर आत्मा त्यात जातो.

निघताना भाचा दारात घुटमळला. "मावशी, तेरावी लेव्हल आली की एक तरी देशील ना?"

देईन की. माणकं आण. सध्या त्याच्या थैलीत 86 नाणी आहेत, आणि त्यातली 30 क्लेरिकची उधार.