पाऊस नाही, तरी अतिवृष्टीचे दोन दिवस!

आजचा अख्खा दिवस आर या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका लूपने, म्हणजे तेच काम फेरीफेरीने करणाऱ्या कोडने, खाल्ला. अजून डोकं तापलेलंच आहे.

तालुक्यांच्या पावसाच्या नोंदींवर काम चाललंय. महसुली निकषाने २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. प्रत्येक केंद्राचे तसे दिवस वेगळे काढायचे, त्यांच्यावर लूप फिरवायचा, दर फेरीला पावसाचा आकडा फाइलीत लिहायचा आणि मोजणी एकने वाढवायची. एवढंच! आणि निकालात पर्जन्यछायेतल्या एका केंद्रावर अतिवृष्टीचे दिवस किती, तर दोन. त्या वर्षी तिथे पेरण्या वाया गेल्या होत्या!

आधी मी नोंदींवरच संशय घेतला. तीन तास एकेक आकडा मूळ नोंदवहीशी ताडून पाहिला. सगळे बरोबर. घोळ होता 'एक ते लांबी', म्हणजे यादीत जितके दिवस तितक्या फेऱ्या, असं लिहिलेल्या त्या एका ओळीत. यादीत एकही दिवस नाही, म्हणजे लांबी शून्य असेल तर एकही फेरी व्हायला नको ना? पण आर इथे उलटं मोजते. आधी १, मग ०. झाल्या दोन फेऱ्या! पहिल्या फेरीत एनए, म्हणजे 'आकडा उपलब्ध नाही' ही खूण, दुसरीत काहीच नाही, आणि मोजणी दोनवर. एरर नाही, साधी वॉर्निंगसुद्धा नाही.

अरे, फोरट्रान ७७ सारख्या जुन्या भाषेमध्ये एक ते शून्य असा डू लूप एकदाही फिरत नाही! ज्युलिया या नव्या भाषेतही नाही. आरची १.० आवृत्ती आली २००० साली, तरी हे असं.

त्याऐवजी 'सेक अलाँग' वापरायचं असतं, यादी रिकामी असली की ते एकही फेरी करत नाही, हे मलाही आता कळलंय. पण मग शिकवणाऱ्यांनो, पहिल्याच तासाला फळ्यावर 'एक ते लांबी' का लिहून देता? पोरं तेच उतरवून घेतात आणि पुढे वर्षानुवर्षं तेच लिहितात. मीही तेच केलं.

तारखांचं तर विचारूच नका. तारखांच्या व्हेक्टरवर, म्हणजे यादीवर, सरळ लूप फिरवला की तारीखपण गळून पडतं. १ जून २०२४ च्या जागी हातात १९८७५, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस. का? मी तारीख दिली होती, मला तारीखच हवी!

हा तक्ता मी गेल्या आठवड्यातच गाइडना पाठवलाय. त्यात दोनचा आकडा असलेली एकवीस केंद्रं आहेत. खरे दोन कुठले आणि खोटे कुठले, ते आता रात्री बसून एकेक करून तपासतेय.